अकरा वळणांची भिकाई

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर तेव्हा या नदीला नाव नव्हतं, एवढ्या वर्षांपूर्वीची.

नदी होती. आज वाहते तशीच वाहत होती. ढगमाथ्याच्या पोटातून निघायची, कारवीच्या रानातून वाट काढायची, कड्यावरून उडी घ्यायची नि खोऱ्याखोऱ्यांतून हिंडत दूर उगवतीकडं मोठ्या नदीला जाऊन मिळायची. पण तिला एक नाव नव्हतं. करंजखोऱ्याची माणसं तिला नुसतं 'आपलं पाणी' म्हणायची. त्याच्या खाली सावरोंडं. तिथं ढोरं पाण्यावर यायची, म्हणून तिथले लोक म्हणायचे 'ढोरपाणी'. आणखी खाली कुणी 'कातळी' म्हणे, कुणी 'काळा डोह' म्हणे. अकरा गावं, तर अकरा नावं. आपल्या दारावरून जातं तेच पाणी त्या लांबच्या गावाच्या दारावरून जातं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होणार तरी कसं? दोन गावांच्या पुढं सोयरीक नव्हती नि चार गावांच्या पुढं वाट नव्हती. पाणी येतं नि जातं, एवढं कळलं की माणसाचं भागत होतं.

तर त्या करंजखोऱ्यात कुशा नावाचा एक माणूस राहायचा. डोंगरातला कोळी. उंचीला बेताचा, बोलायला कमी. गावच्या उताराची राखण त्याच्या घराकडं होती. उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. पावसाळ्याचे चार महिने उतार बंद असायचा. अलीकडचे अलीकडं नि पलीकडचे पलीकडं. पाऊस सरला की उतार उघडायचा, नि तो कुशानं उघडायचा.

त्याची रीत अशी होती. दिवस उगवायच्या आधी कुशा पाण्यात उतरे नि पलीकडं जाऊन परत येई. कमरेचा करगोटा भिजला नाही, तर ती एक सकाळ धरायची. अशा लागोपाठ तीन सकाळी करगोटा कोरडा राहिला पाहिजे. मध्ये एक दिवस जरी भिजला तरी मोजणी मोडली, पुन्हा पहिल्यापासून. तीन सकाळी भरल्या की कुशा जांभळीचा हिरवा डहाळा काठीला बांधून काठावर उभा करी. पलीकडच्या घोळवाडीला तो डहाळा दिसे, नि मग माणसं, बैल, शेरडं, सगळी पाण्यात उतरत. कुशाच्या बापानं, आज्यानं असंच केलं होतं. कुशाचा डहाळा उभा असताना कुणाचं वासरूदेखील वाहून गेलं नव्हतं, असं म्हणतात.

कुशाच्या बायकोचं नाव ठकू. तिची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली, तेव्हा ठकूनं पदर पसरून पाच घरी तांदूळ मागितले, त्याची पेज करून पोरीच्या ओठाला लावली नि नाव ठेवलं भिकी. मागून आणलेली, दुसऱ्याची आहे, असं वाटून सटवाईनं तिच्याकडं बघू नये, म्हणून. तसं नाव तेव्हा पुष्कळ ठेवायचे. नि सटवाईनं खरंच बघितलं नाही. भिकी वाढली, बापाच्या मागं पाण्यात डुंबली, मोठी झाली. पलीकडं घोळवाडीच्या हिरूला दिली. हिरूही भला होता. दोन्ही घरांच्या मध्ये नदी, एवढंच काय ते अंतर.

लग्नाला वर्ष झालं नि भिकीला दिवस गेले. आता पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. पण त्या भागात एक रीत होती. सातव्या महिन्यात लेक माहेरी आणायची. आठवा लागला की पोटुशीला पाण्यावरून न्यायचं नाही. काही झालं तरी न्यायचं नाही.

त्या साली पाऊस लांबला. भादवा सरत आला तरी पाणी उतरेना. कुशा रोज सकाळी पाण्यात शिरे नि भिजला करगोटा घेऊन परत येई. ठकू दारात उभी असायची. त्याचं धोतर बघायची नि आत जायची. तिनं जुन्या लुगड्याची दुपटी शिवून ठेवली होती, शेकायला गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या, बाजेला नवी सुंभं घातली होती. अमावास्येला आठवा लागणार होता.

अमावास्येला दोन दिवस राहिले नि करगोटा कोरडा राहिला. दुसऱ्या सकाळीही कोरडा राहिला. तिसरी सकाळ, ती अमावास्येची.

त्या दुसऱ्या सकाळी कुशा परतला तेव्हा ठकू दारात नव्हती, काठावरच आली होती.

"राह्यलं का कोरडं?" तिनं विचारलं.

"राह्यलं. दोन झाल्या."

"मंग उभा करा डहाळा."

"एक सकाळ ऱ्हायलीय, ठके."

"उद्या आठवा लागतुया. उद्या तुमचा डहाळा मला काय कामाचा?" ठकूचा आवाज चढला. मग ती खाली आली नि हळू बोलली. "अवं, माजी दोन गेली. ही तिथं परक्या हातात बाळंत झाली नि काय झालं, तर? आज न्हाई तर मग न्हाईच."

कुशानं पाण्याकडं बघितलं. पाणी निवळशंख होतं, तळाचे गोटे मोजून घ्यावेत असं. वर आभाळ कोरं होतं. पलीकडं काठावर भिकी येऊन उभी होती, हिरू तिच्या मागं गाठोडं घेऊन. रोज येऊन उभी राहायची ती. कुशानं बघितलं, नि त्याच्या मनानं दोनाच्या तीन केल्या.

त्यानं डहाळा तोडला, काठीला बांधला नि काठी दगडांत उभी केली.

पलीकडून भिकीनं तो बघितला नि ती हसली. ते हसणं अलीकडं ऐकू आलं, असं म्हणतात. कुशा तिला हात द्यायला पाण्यात उतरत होता, पण ती थांबली कुठं! बापाचा डहाळा उभा राहिला म्हणजे पाणी आपलं, हे ती चालायला शिकली तेव्हापासून शिकली होती. तिनं लुगडं खोचलं नि ती निघाली.

"हळू, गं!" हिरू मागून ओरडला.

"तूच ये हळू!" ती म्हणाली. "माज्या बाचं पाणी हाय ह्ये."

आता वर ढगमाथ्यावर काय चाललं होतं, ते खाली करंजखोऱ्यात कुणाला ठाऊक? तिथं पहाटेपासून आभाळ फुटलं होतं. कुशाला आधी पाण्यावर चार वाळली पानं दिसली. मग फेस दिसला. मग तळाचे गोटे दिसेनासे झाले. तिसऱ्या सकाळची मोजणी कशासाठी असते, हे तेव्हा त्याला कळलं. बापलेकीत दहा हातांचं अंतर होतं.

"फीर! माघारी फीर!" तो ओरडला.

पण ती मधोमध होती. मागं जेवढं, तेवढंच पुढं. ती बापाकडं निघाली. नि पाणी भिंतीसारखं आलं.

हिरूला उंबराच्या मुळ्या सापडल्या, तो वाचला. कुशाला पाण्यानं उचलून त्याच्याच काठावर फेकलं, त्याच्याच डहाळ्यापाशी. भिकी गेली.

गावानं चार दिवस शोधलं. डोह ढवळले, जाळ्या टाकल्या. काही हाती लागलं नाही. लोक कुशाजवळ बसत नि म्हणत, "पाण्यानं दगा दिला, कुशा. तुजा काय दोष?" कुशा मान खाली घालून ऐके. दोनाच्या तीन झाल्याचं त्याला नि ठकूलाच ठाऊक होतं. ठकूनं चूल पेटवायची सोडली. शेजारणी भाकर आणून ठेवत, ती तशीच वाळून जाई. दोघं एकमेकांकडं बघत नसत. बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं.

त्यातच आणखी एक झालं. पोटुशी बाई सुटका न होता बुडाली, तिचा देह सापडला नाही, तिचं क्रियाकर्म झालं नाही, तर ती हडळ होते, असं तेव्हाचे लोक धरून चालत. तिचं नाव तोंडातून काढायचं नाही. पंधरा दिवस झाले नसतील, घोळवाडीच्या कुणाला तरी पाण्यावर काहीतरी दिसलं. मग दुसऱ्याला दिसलं. बायका एकट्या पाण्याला जाईनात. नि एके दिवशी कुशा गावातून चालला होता, तर एका घरात पोर रडत होतं नि आई त्याला दटावत होती, "गप ऱ्हा! न्हाईतर पान्यावरची यील नि घिऊन जाईल."

कुशा तिथंच उभा राहिला. हीच बाई नि भिकी एका पाटीत शेण गोळा करायच्या.

तो घरी आला नि भिकी गेल्यापासून पहिल्यांदा ठकूशी बोलला. "ठके, पोरगीला भितात लोकं."

ठकूनं मान वर केली. "मंग तिला घिऊन या," ती म्हणाली. "जशी असंल तशी घिऊन या."

देह सापडला असता, तर क्रियाकर्म करून पोर मोकळी झाली असती. एवढं एकच त्याच्या हातात उरलं होतं. त्यानं काठी घेतली, घोंगडी घेतली, नि पाणी जाईल तसा तो चालायला लागला.

पहिलं गाव सावरोंडं. तिथं बातमी आधीच पोचली होती. कुशा दारादारांत उभा राहून विचारी, "माजी भिकी आली का हिकडं?" नि दारं लागत. शेवटी गावचा एक जाणता पुढं झाला. म्हणाला, "बाबा, तुजं दुःख ठाऊक हाय आमास्नी. पर तिचं नाव नगं घिऊ गावात. पोरंबाळं हाईत."

"माजी लेक हाय," कुशा म्हणाला. "तिला दुसऱ्या कंच्या नावानं हाक मारू?"

तरी दार कुणी उघडलं नाही. कुशा नदीवर गेला. गावात नाव घ्यायचं नाही म्हणून त्यानं पाण्याला तोंड केलं नि हाक मारली, "भिकीऽऽ!" नि सरळ चाललेली नदी तिथं वळली, असं म्हणतात. कुणी मागून हाक मारली की लेकीबाळी मान वळवून बघतात ना, तशी वळली. सावरोंड्याखालचं वळण ते हेच. आधी तिथं वळण नव्हतं.

पुढं कडा लागला. पाणी उडी घेऊन जातं, पण माणसानं कसं जावं? कुशा वेलींना धरून उतरला. तीन दिवस लागले त्याला. खालच्या खडकावर तो बसला नि तिथं त्याला पहिल्यांदा रडू आलं. त्या खडकात बसल्या माणसाएवढी खोलगट जागा आहे, नि भर उन्हाळ्यात सगळा कडा कोरडा पडला तरी तेवढ्या जागेत ओंजळभर पाणी असतं.

कड्याखालच्या गावांना करंजखोरं ठाऊक नव्हतं. तिथं एक बाई धुणं बडवत होती. कुशानं विचारलं, "बाई, माजी भिकी आली का हिकडं?"

तिला काय ठाऊक कोण भिकी! ती म्हणाली, "कशी हाय दिसायला?"

हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो दगडावर बसला. म्हणाला, "सावळी हाय. हसली म्हंजी तोंडावर हात धरती, म्होरला एक दात तिरपा हाय म्हून. चालताना पुढं, सगळ्यांच्या पुढं. गूळ दिसला की चोरती."

"मंग लई लाडाची दिसतीया."

"व्हय."

"सैपाक येतुया का लाडाच्या लेकीला, का नुस्ता गूळ?"

"भाकर करती. पर एका अंगानं करपती."

बाई हसली. दुसऱ्या दोघी धुणं टाकून आल्या, त्याही ऐकत बसल्या. उन्हं कलली तरी तो बोलत होता. मग त्यानं डहाळ्याचंही सांगितलं. आपल्या गावात जे बोलला नव्हता ते परक्या बायकांपुढं बोलला. "एक सकाळ मी कमी मोजली," तो म्हणाला. मग बायका हसायच्या थांबल्या. त्यांना सगळं कळलं. पण आता भीती कशी वाटावी? तिरप्या दाताची, गूळ चोरणारी, भाकर करपवणारी पोर त्यांनी बघितल्यासारखीच होती. त्यांनी त्याला जेवू घातलं, नि निघताना त्यांतली एक आपण होऊन पाण्याकडं वळली नि हाक मारली, "भिकीऽऽ, तुजा बा आलाय गं!"

तिथंही नदी वळली.

असा तो गावोगाव गेला. प्रत्येक गावात विचारी, प्रत्येक गावात तिच्याविषयी सांगत बसे, नि प्रत्येक गाव म्हणे, "हितं न्हाई आली, बाबा. म्होरं बघ." त्याच्याआधी त्याचा आवाजच पाण्यावरून पुढच्या गावाला पोचायचा, असं म्हणतात. तो पोचे तोवर माणसं काठावर येऊन उभी असत. पावलं सुजली होती, दाढी पांढरी झाली होती. कड्यावर एवढी धावणारी नदी खालच्या खोऱ्यात संथ का होते, ठाऊक आहे? म्हाताऱ्याला धावता येत नव्हतं, म्हणून. ती त्याच्या पावलानं चालायला लागली. नि तो जिथं जिथं हाक मारी तिथं तिथं ती वळून बघे. अशी अकरा वळणं झाली. मोजून अकरा आहेत.

शेवटचं गाव दोनपाणी. तिथं ही नदी मोठ्या नदीला मिळते. पलीकडचा काठ धड दिसत नाही एवढं पाणी. तिथं येऊन कुशा उभा राहिला नि त्याच्या ध्यानात आलं, की आता पुढं विचारायला गाव नाही.

संगमावर एक म्हातारी मासळी वाळत घालत होती. भोयाची, येसू तिचं नाव. ती सुईणही होती. पंचक्रोशीतली निम्मी माणसं तिच्या हातून या जगात आली होती. कुशा तिच्यापुढं गेला.

"आये, माजी भिकी आली का हिकडं?"

येसूनं वर बघितलं. तिनं त्याचे पाय बघितले, डोळे बघितले. या माणसाला आता 'म्होरं बघ' म्हणायची सोय नाही, हे तिला दिसलं. तिनं हातातली मासळी खाली ठेवली.

"आली व्हती की," ती म्हणाली.

कुशा काठीला धरून उभा होता, तो खाली बसला.

"कवा?"

"लई दीस झालं. चालून चालून दमली व्हती बिचारी. दीस भरल्यालं. म्याच बाळंत केली तिला. हितं, ह्या झोपडीत. सुखानं झाली, बाबा. काय बी तरास न्हाई. पोरगी झाली."

कुशानं विचारलं, "काय नेसली व्हती?"

येसू घोटाळली. काय सांगावं? पोटुशी लेक माहेरी निघाली, म्हणजे काय नेसेल? "हिरवं," ती म्हणाली.

भिकी त्या दिवशी जांभळं नेसली होती. लाल काठाचं जांभळं लुगडं, ठकूनंच दिलेलं. पाण्यात उतरताना तिनं ते खोचलं, तेव्हा कुशा बघत होता. मरेपर्यंत तो रंग त्याच्या डोळ्यांपुढून हलणार नव्हता.

तो म्हातारीकडं बघत राहिला. म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. मग कुशानं मान हलवली.

"व्हय," तो म्हणाला. "हिरवंच. तीच ती."

मग म्हणाला, "पोरगी कुणावानी हाय?"

"नाक तुजं घेतलंय," येसू म्हणाली. "घ्यायला नगं व्हतं, पर घेतलंय."

नि इतक्या दिवसांनी कुशा हसला. हसला नि रडला. येसूनं त्याला ऊन पाणी दिलं, भात नि मासळी वाढली. पाच दिवस ठेवून घेतलं. पाचव्या दिवशी तिनं सुईणीच्या रीतीनं त्या न दिसलेल्या पोरीची पाचवी पुजली. सटवाईपुढं दिवा लावला, तिला पोरीचं नशीब लिहायला कोरी काठी ठेवली, पानावर भात वाढला नि पान संगमात सोडलं. म्हणाली, "आता मायलेकी मोठ्या पान्यात गेल्या. बाळंतीण हाय ती आता. तिला कुणी दुसरं काय म्हनायचं काम न्हाई."

कुशा माघारी फिरला. आता तो पाण्याच्या उलटा चालला होता, नि प्रत्येक गावात थांबून सांगत होता, "भिकी बाळंत झाली. पोरगी झाली. दोनपान्यात."

गावांना काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण एकानंही त्याला फिरून विचारलं नाही. धुणं बडवणाऱ्या बाईनं गूळ वाटला. एका गावानं टोपडं दिलं. सावरोंड्याला तो पोचला तेव्हा दारं उघडी होती, नि तो जाणता हातात काजळाची डबी घेऊन वेशीवर उभा होता. म्हणाला, "पोरीच्या डोळ्यात घालाय." कुशानं डबी घेतली.

असा तो करंजखोऱ्याला आला. ठकू दारात बसली होती. चूल तशीच थंड होती. त्यानं टोपडं, गूळ, काजळ तिच्यापुढं ठेवलं नि सगळं सांगितलं. ठकूनं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं,

"काय नेसली व्हती?"

"जांभळं," कुशा म्हणाला. "तू दिल्यालं. लाल काठाचं."

ठकूनं टोपडं हातात घेतलं.

"नि पोर कुणावानी?"

"तुज्यावानी. नाक, डोळं, सगळं तुजं."

ठकूला काय कळलं नि काय नाही, ते कुणी सांगू शकत नाही. मग ती उठली, नि तिनं चूल पेटवली.

त्याच्या पुढचं आता थोडकं आहे. कुशा जेवला. मग तो चावडीवर गेला, नि परक्या गावांत बोललेलं अखेर आपल्या गावातही बोलला, की एक सकाळ मी कमी मोजली, उताराची राखण दुसऱ्याला द्या. तेव्हा पलीकडून आलेला हिरू उठला, ज्याची बायको गेली होती तो, नि म्हणाला, "मामा, आता तुमच्याइतकं भिऊन पान्यात दुसरं कोन उतरंल? राखन तुमीच करा." तेव्हापासून कुशा तीन सकाळी मोजून झाल्या की आणखी एक मोजायचा.

नि नदीचं म्हणाल, तर तिचं नाव कुणी ठेवलं नाही. बारसं झालं नाही, पंचायत बसली नाही. पण एक माणूस तिच्या काठानं जाता नि येता एकच नाव घेत गेला होता. अकरा गावांना पहिल्यांदा कळलं, की आपलं पाणी ते एकच पाणी. पाऊस लागून नदीला लाल पाणी आलं की सावरोंड्याचे लोक म्हणू लागले, "भिकी आली." काळ्या डोहाचे लोक म्हणू लागले, "भिकी उतरली." ज्या नावानं पोरं भ्यायची त्या नावानं त्यांना आंघोळीला हाक मारू लागले. मग म्हातारी माणसं तिला आई म्हणून हात जोडू लागली, नि भिकीची भिकाई झाली. पुष्कळ वर्षांनी कुणी नकाशा काढणारा आला म्हणतात. त्यानं अकरा गावांत विचारलं, या नदीचं नाव काय? अकरा गावांनी एकच नाव सांगितलं. त्याला त्यात नवल वाटलं नाही. त्याला काय ठाऊक!

कुशा फार म्हातारा झाला. ठकू आधी गेली. त्या साली चौथी सकाळ भरली, कुशानं डहाळा उभा केला, सगळी माणसं पार झाली, नि तो पाण्यात तसाच उभा राहिला. मग पलीकडं न जाता, अलीकडं न येता, तो पाणी जाईल तसा खाली चालू लागला. पाणी त्याच्या करगोट्याच्या वर चढलं नाही, असं म्हणतात. पहिल्या वळणापर्यंत तो दिसत होता, मग दिसेना. कुणी जाळ्या टाकल्या नाहीत. करंजखोऱ्याची माणसं एवढंच म्हणाली, "नातीला बघाय गेलाय."

आजही भिकाईवर उतार चौथ्या सकाळीच उघडतो. त्या सकाळीला 'कुशाबाची सकाळ' म्हणतात. कितीही अडलेलं काम असो, लग्न असो, बाजार असो, माणसं काठावर बसून ती एक सकाळ काढतात नि कुरकुर करत नाहीत. अकरा गावांत कुठंही मुलगी झाली, तर पाचवीला भाताचं एक पान जास्तीचं वाढतात नि नदीत सोडतात.

नि आणखी एक रीत आहे. ती कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येते. त्या काठच्या कुठल्याही गावात कुणी आपलं हरवलेलं माणूस शोधत आलं, तर त्याला 'न्हाई बघितलं' असं म्हणत नाहीत. त्याला आधी बसवतात. भाकर देतात. मग विचारतात, कशी होती दिसायला, काय नेसली होती? तो सांगतो. नि तो जो रंग सांगेल, तोच रंग त्या गावानं बघितलेला असतो.